गोल्फ जीटीआय, फिएस्टा एसटी की स्विफ्ट स्पोर्ट? पहिली सेकंडहँड हॉट हॅच घेताना

वाचकाचं पत्र:

"दादा, मी २८ वर्षांचा आहे. आठ वर्षं घरची साधी १.२ लिटरची हॅचबॅक चालवली, आता एकदा तरी मनासारखी गाडी घ्यायची आहे. हॉट हॅचच हवी, म्हणजे दिसायला साधी पण जोरदार इंजिनाची हॅचबॅक. बजेट फिक्स आहे, त्याच्या वर जाता येणार नाही, आणि घरात हीच एक गाडी असणार. रोज ऑफिसचं येऊन जाऊन ४० किलोमीटर, शिवाय आठवड्यातून एकदा आईला फिजिओथेरपीला न्यायचं असतं, तिचे गुडघे दुखतात. तीन गाड्या बघून ठेवल्यात. एक २०१० ची गोल्फ जीटीआय, पाच दारांची, डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), १,४०,००० किलोमीटर, स्टेज वन रीमॅप केलेली (म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवलेली), मालक म्हणतो २५० पीएस, म्हणजे हॉर्सपॉवर, देते. दुसरी २०१४ ची फिएस्टा एसटी, तीन दारांची, ८५,००० किलोमीटर, पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच. तिसरी २०१४ ची स्विफ्ट स्पोर्ट, पाच दारांची, ७०,००० किलोमीटर, एकच मालक, सगळी बिलं फाइलमध्ये. तिघींची किंमत जवळपास सारखीच आहे आणि माझं सगळं बजेट त्यात संपतं. खरं सांगू का, मन गोल्फवर आलंय. मित्र म्हणतात स्विफ्ट घेऊन काय करणार, तिच्यात पॉवरच नाही. काय करू? अजून काही ऑप्शन असेल तर तोही सांग. तुझा, गाडीवेडा"

भावा, गाडीवेड्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एका वाक्यावर अडकलो, "माझं सगळं बजेट त्यात संपतं" या वाक्यावर. गाडी कुठली ते नंतर बघू, पण आधी हे ऐक, सगळं बजेट गाडीच्या किमतीत घालू नकोस, निदान पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेव आणि तो नाहीच आहे असं समजून गाडी शोध. दहा-बारा वर्षांची वेगवान गाडी घेतलीस की पहिल्या वर्षात ती काही ना काही मागणारच, टायर, ब्रेक पॅड, डिस्क, सस्पेन्शनचे बुश, एखादा सेन्सर, आणि हे सगळं साध्या हॅचबॅकपेक्षा महाग असतं कारण टायर रुंद असतात, डिस्क मोठ्या असतात. ही तयारी नसेल तर मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला वेळ लागत नाही. तिन्ही मालकांशी घासाघीस कर, जो खाली येणार नाही त्याला राम राम.

आता सरळ उत्तर देतो म्हणजे तू शेवटपर्यंत धाकधूक करत वाचायला नको. आधी स्विफ्ट बघ. ती चांगली निघाली तर ती घे. ती नाही पटली तर फिएस्टा, आणि तुझी ही जी गोल्फ आहे ना, ही नको. गोल्फ जीटीआय वाईट गाडी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, मला ती फार आवडते. मी या एका गोल्फबद्दल बोलतोय.

का ते सांगतो. २०१० म्हणजे सहाव्या पिढीची जीटीआय, तिच्यात ईए८८८ नावाचं २.० टर्बो इंजिन आहे, कंपनीकडून २१० पीएस. या इंजिनाच्या त्या काळातल्या आवृत्तीत टायमिंग चेनचा (व्हॉल्व आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या चेनचा) टेन्शनर कच्चा होता ही जगजाहीर गोष्ट आहे, नंतर कंपनीने सुधारलेला टेन्शनर आणला. होतं काय तर हा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चेन ताणून धरतो, इंजिन बंद झालं की प्रेशर जातं, तेव्हा त्याला मागे सरकू न देण्याचं काम आतल्या छोट्या खाचांचं असतं, त्या खाचांनी पकड सोडली की टेन्शनर मागे येतो, चेन ढिली पडते आणि पुढच्या स्टार्टला चेन दात सोडून उडी मारते. एकदा का टायमिंग चुकलं की व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिन संपतं. वॉर्निंग लाइट वगैरे लागेलच असं काही नाही, बऱ्याचदा काल चालत होती आणि आज सकाळी गेली असं होतं. म्हणून मालकाला पहिला प्रश्न हा विचारायचा की टेन्शनर बदललाय का, आणि बदलला असेल तर बिल दाखव. तोंडी उत्तर धरायचं नाही.

दुसरं म्हणजे डीएसजी. या गोल्फमध्ये सहा गिअरचा, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा डीएसजी येतो, तो गिअरबॉक्स तसा दणकट आहे पण त्याचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलावाच लागतो. म्हणजे १,४०,००० झालेल्या गाडीत हे काम दोनदा झालेलं असायला हवं. तुझ्या पत्रात सर्व्हिस रेकॉर्डबद्दल एक अक्षर नाही पण २५० पीएसचा आकडा मात्र आहे, आणि मालकाने तुला काय सांगितलं आणि काय नाही सांगितलं ते मला यावरूनच कळलं.

तिसरं रीमॅप. रीमॅप म्हणजे पाप नाही, नीट केलेला स्टेज वन वर्षानुवर्षं चालतो. पण रीमॅप केला की टर्बोचं बूस्ट म्हणजे हवेचा दाब वाढतो, टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ वाढते, क्लचवर, गिअरबॉक्सवर, टर्बोवर सगळीकडे जास्त ताण येतो, आणि तो ताण १,४०,००० मधल्या किती किलोमीटर होता, थंड इंजिनावर किती वेळा पेलला, हे तुला कधीच कळणार नाही. शिवाय इन्शुरन्सला रीमॅप सांगावा लागतो, लपवलास आणि काही झालं तर क्लेम अडकू शकतो, सांगितलास तर प्रीमियम वाढू शकतो. घरात एकच गाडी आहे, आईची अपॉइंटमेंट दर आठवड्याला आहे, आणि हे सगळं डोक्यावर. नको.

आता तुझ्या मित्रांचं म्हणणं, "स्विफ्टमध्ये पॉवरच नाही". इथे मला थोडं मागे जाऊ दे, कारण या विषयावर माझं मन भरून येतं.

पहिली गोल्फ जीटीआय १९७५ च्या फ्रँकफर्ट मोटर शोमध्ये दाखवली आणि १९७६ मध्ये विकायला आली. १.६ लिटरचं इंजिन, ११० पीएस, वजन फक्त ८१० किलो. सुरुवातीला ५,००० गाड्याच बनवायचं ठरलं होतं, त्या पिढीच्या शेवटी ४,६०,००० पेक्षा जास्त विकल्या गेल्या. हॉट हॅच या शब्दामागची सगळी जादू त्या गाडीने लोकांना दाखवली, आणि तिला शून्य ते शंभर गाठायला ९ सेकंदांच्या आसपास लागायचे! आता तुझी स्विफ्ट घे, १.६ लिटर, टर्बो नाही, १३६ पीएस, वजन साधारण १,०४५ किलो, शून्य ते शंभर ८.७ सेकंद. टनामागे पॉवर काढलीस तर पहिली जीटीआय १३६ च्या आसपास आणि स्विफ्ट १३० च्या आसपास. म्हणजे ज्या गाडीने हे वेड लावलं तिच्याच जातकुळीतली गाडी तुझ्यासमोर उभी आहे, एकच मालक, सगळी बिलं फाइलमध्ये, आणि मित्र म्हणतायत पॉवर नाही.

हां, एक खरं आहे. १.२ वरून येऊन तू स्विफ्टमध्ये बसलास आणि आधीसारखीच २,५०० आरपीएमला गिअर टाकत चालवलीस तर तुला वाटेल हे काय, काहीच होत नाही. तिचा १६० एनएम टॉर्क ४,४०० ला येतो आणि पूर्ण पॉवर ६,९०० ला. तिला फिरवावं लागतं. ओव्हरटेक करायचं तर दोन गिअर खाली यायचं, इंजिनाला ओरडू द्यायचं, सहा गिअरचा मॅन्युअल आहे, तो हातात घेऊन खेळायचं. टर्बोची सवय असलेल्या माणसाला हे कष्टाचं वाटतं, पण तुला अजून टर्बोची सवयच नाही, आणि गाडी चालवायला खऱ्या अर्थाने शिकायचं तर यासारखी शाळा नाही असं माझं अगदी मनापासूनचं मत आहे. कारण इथे वेग फुकट मिळत नाही, कोपऱ्यात शिरताना ब्रेक कधी सोडला, गिअर कुठला होता, स्टिअरिंग किती गुळगुळीत वळवलं, सगळ्याचा हिशोब लागतो. २५० पीएसची गाडी तुझ्या चुका झाकते आणि मग एक दिवस ओल्या रस्त्यावर झाकत नाही.

बाकी स्विफ्टचं मशीनही सुटसुटीत आहे. टर्बो नाही, इंटरकूलर नाही, पेट्रोल सिलिंडरच्या आत थेट न उडवता इनटेक पोर्टमध्ये उडवलं जातं त्यामुळे व्हॉल्व धुतले जातात, डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो गाड्यांमध्ये इनटेक व्हॉल्ववर जो कार्बनचा थर साचतो आणि साफ करून घ्यावा लागतो तो त्रास इथे नाही. टायमिंगला चेन आहे, ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर तिची काळजी करू नकोस. कमी काय आहे तर डिकी, फक्त २११ लिटर, गोल्फची ३५० आहे. आईचा वॉकर वगैरे असेल तर आधी मोजून बघ, किंवा मागची सीट पाडायची तयारी ठेव.

फिएस्टा एसटी. काय सांगू तुला, चालवायला तिघींमध्ये सगळ्यात मजेशीर हीच. १.६ टर्बो, १८२ पीएस, दाबून चालवलीस की थोड्या वेळासाठी ओव्हरबूस्टमध्ये २०० पर्यंत जाते, शून्य ते शंभर ६.९ सेकंद, आणि गंमत म्हणजे स्टॉक गोल्फ जीटीआयचाही आकडा ६.९ च आहे. फिएस्टाचं वजन १,१६३ किलो, गोल्फ १,३०० च्या वर. कमी पॉवर, कमी वजन, हिशोब तोच. कोपऱ्यात पेडलवरून पाय उचललास की मागची बाजू किंचित फिरते आणि गाडी आपोआप आत वळते, एकदा अनुभवलंस की विसरणार नाहीस. तू एकटा असतास तर मी डोळे झाकून फिएस्टा म्हटलं असतं.

पण तू एकटा नाहीस. तुझी फिएस्टा तीन दारांची आहे, दार लांब, पार्किंगमध्ये पूर्ण उघडत नाही, सीटच्या कडा उंच, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून आत शिरणं आणि बाहेर येणं दोन्ही त्रासाचं, मागे बसवायचं तर विचारूच नको. आणि सस्पेन्शन खरोखर कडक आहे, हे मी उगाच म्हणत नाही, खराब रस्त्यावर दर आठवड्याला आईला घेऊन जाशील तेव्हा तूच हळूहळू गाडीवर रागावायला लागशील. तरी फिएस्टाच घ्यायची ठरली तर दोन गोष्टी. कुलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) लेव्हल आणि रंग नीट बघ, या १.६ इकोबूस्ट इंजिनात कुलंट कमी पडून सिलिंडर हेड तापून क्रॅक जायचा धोका होता, फोर्डने २०१७ मध्ये त्यासाठी काही गाड्या परत बोलावल्या होत्या, तेव्हा चेसिस नंबर देऊन तुझ्या गाडीवर रिकॉल होता का आणि झाला का ते अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारून घे. आणि हिला टायमिंग बेल्ट आहे. किलोमीटर ८५,००० च असले तरी बेल्ट रबराचा असतो, त्याचं वयही मोजायचं, २०१४ चाच बेल्ट असेल तर तो बदलायचा खर्च किमतीतून वजा करून बोल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गाडी बघायला कसं जायचं.

माझी पहिली वेगवान गाडी मी संध्याकाळी बघायला गेलो होतो. मालक गेटवरच उभा, गाडी सुरू, एसी चालू, "म्हटलं तुम्हाला गरम व्हायला नको." मला तो माणूस फार सज्जन वाटला. बोनेट उघडलं, इंजिन छान फिरत होतं, चक्कर मारली, पैसे दिले, घरी आलो. तीन आठवड्यांनी थंडी पडली, सकाळी किल्ली फिरवली आणि आतून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला. पाच-सहा सेकंद, मग बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चेन, गाईड, टेन्शनर सगळं काढावं लागलं, गाडीच्या किमतीचा जवळपास तिसरा हिस्सा तिथे गेला आणि पुढचे चार महिने गाडी उभीच होती कारण माझ्याकडेही तुझ्यासारखंच बजेट संपलेलं होतं. तो आवाज त्या संध्याकाळी येणं शक्यच नव्हतं, इंजिन गरम होतं, ऑइल सगळीकडे पोचलेलं होतं. म्हणून तुला हात जोडून सांगतो, गाडी थंड असतानाच बघ. पोचलास की पहिल्यांदा बोनेटवर हात ठेव. गरम लागलं तर हसून सांग की उद्या सकाळी येतो.

थंड इंजिन सुरू करताना तू बाहेर उभा राहा, मालकाला किंवा मित्राला आत बसव. पहिले दहा सेकंद कान इंजिनाकडे, डोळे सायलेन्सरकडे. खडखड ऐकू आली तर तिथेच थांब. धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय. थंड सकाळी पांढरी वाफ थोडा वेळ येते ते नॉर्मल आहे, पण गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला आणि गोडसर वास आला तर कुलंट आत जातंय, परत फिर.

मग चालव. आधी दहा-पंधरा मिनिटं शांतपणे, इंजिन पूर्ण गरम होऊ दे, मालक म्हणाला "दाबा ना बिनधास्त" तरी दाबू नकोस, आणि थंड इंजिन दाबायला सांगणारा मालक गाडीला कसं वागवत आला असेल तेही लक्षात घे. गरम झाली की मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण थ्रॉटल दे, आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग तेवढा वाढला नाही तर क्लच स्लिप होतोय. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर पटकन टाकून बघ, घर्र आवाज आला तर सिंक्रो (गिअर अलगद पडू देणाऱ्या रिंगा) गेलेत. सरळ रस्त्यावर ब्रेक लावून बघ, स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या आहेत.

टायर बघायला विसरू नकोस, टायर कधी खोटं बोलत नाहीत. चारही टायर एकाच चांगल्या कंपनीचे असतील तर मालकाने पैसे वाचवले नाहीत असं समज. चार टायर चार जातीचे, एक बाजू जास्त झिजलेली, तर अलाइनमेंट गेलीय किंवा कुठेतरी जोरात आपटलीय. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२१९ असेल तर २०१९ सालचा ३२ वा आठवडा. गाडी ७०,००० चालली म्हणतात आणि टायर २०१४ चेच आहेत तर ती किती उभी राहिली आणि कुठे उभी राहिली ते विचार.

एक छोटा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारं यंत्र, कुणाकडून तरी मागून ने. एरर नाही दिसली म्हणून खूश होऊ नकोस, रेडिनेस मॉनिटर नावाचा भाग बघ, तिथे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का ते दिसतं, ते बहुतेक "पूर्ण नाही" दाखवत असतील तर एरर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. का काढली ते विचार. "स्टॉक" म्हणून विकत असलेल्या गाडीत एअर फिल्टरच्या पाइपचे क्लॅम्प नवे चकचकीत, डॅशबोर्डवर कुठे गेजचं भोक बुजवलेलं, एक्झॉस्टचे नट नवे आणि बाकी सगळं गंजलेलं असं दिसलं तर गाडी कालपरवा स्टॉक झालीय.

आणि हे सगळं करूनही शेवटी लिफ्टवर चढवून अनुभवी मेकॅनिककडून तपासून घेच. त्याला दिलेले पैसे तुझ्या बजेटमधले सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे असतील. मालक नाही म्हणाला तर विषय संपला.

अजून ऑप्शन विचारलेस. होंडा सिव्हिक टाइप आर, २००१ ते २००५ ची, २०० पीएस, साधारण ५,८०० आरपीएमनंतर तिचं व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) जागं होतं ते ऐकायलाच एकदा चालव, पण गिअर घासतात का नीट बघ, आणि ती दरवर्षी म्हातारी होतेय. रेनो क्लिओ आरएस २०० चं २.० लिटरचं इंजिन अप्रतिम, फक्त टायमिंग बेल्टचं काम खास टूल लागणारं आहे, ते काम येणारा मेकॅनिक जवळ नसेल तर नको. मिनी कूपर एस घ्यायची तर २०१० च्या आधीची टर्बो टाळ, तिलाही चेन टेन्शनरचाच रोग. २०१० ते २०१४ मधली पोलो जीटीआय, ती १.४ ची टर्बो आणि सुपरचार्जर दोन्हीवाली, कागदावर मोहात पाडते पण ऑइल पिण्याबद्दल बदनाम आहे आणि तिच्यातला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी गोल्फच्या डीएसजीसारखा निर्धास्त नाही. बजेट कधी वाढलं तर २०१८ ची टर्बो स्विफ्ट स्पोर्ट बघ, १४० पीएस, २३० एनएम आणि वजन एक हजार किलोच्या आत.

गोल्फचं मनातून काढून टाक असं मी म्हणणार नाही. चार-पाच वर्षांनी सातव्या पिढीची, न छेडलेली, रेकॉर्डवाली जीटीआय बघ, तोपर्यंत हात बसलेला असेल आणि ती किती चांगली आहे तेही तुला जास्त कळेल.

आत्ता स्विफ्टच्या मालकाला मेसेज टाक, शनिवारी सकाळी आठला येतो, गाडी रात्रभर उभी असू दे, मी येईपर्यंत सुरू करू नका. आईलाही बरोबर ने. तिला आधी पुढे बसव, मग मागे, दोन-तीनदा चढू-उतरू दे, आणि गुडघ्याला कसं वाटतंय ते तिलाच विचार, तू ठरवू नकोस. काय होतंय ते मला कळव, मेकॅनिकने काय सांगितलं तेही लिही, मी वाट बघतोय.